ट्लिंगिट कुळांच्या वस्तू: म्युझियममध्ये राहाव्यात की परत जाव्यात?

रानवाट
सिअ‍ॅटलला येऊन सात वर्षं झाली. पायोनियर स्क्वेअरमधल्या टोटेम पोलखाली (कुळाची चिन्हं कोरलेला उंच लाकडी खांब) बसून मी कितीदा तरी डबा खाल्लाय, आणि आत्ता कळतंय की तिथला मूळ खांब १८९९ साली अलास्कातल्या टोंगास गावातनं कापून आणलेला होता. इथले व्यापारी बोटीनं सहलीला गेलेले, गावातली माणसं मासेमारीला बाहेर, म्हणून खांब पाडला, दोन तुकडे केले आणि बोटीवर चढवला. १९३८ ला त्याला कुणीतरी आग लावली, मग आत्ताचा खांब ट्लिंगिट, म्हणजे अलास्काच्या त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी, कारागिरांनीच नव्यानं कोरून दिला.

तेव्हापासून एवढंच वाटतंय की न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाच्या म्युझियममधल्या कुळाच्या टोप्या, हेल्मेट, घराचे कोरीव खांब, समारंभात पांघरायच्या विणलेल्या चिलकाट शाली सगळं परत जायला हवं. ट्लिंगिट लोक अशा वस्तूला ‘अट-ऊ’ म्हणतात, म्हणजे कुळानं मोल देऊन मिळवलेली वस्तू, आणि ते मोल बऱ्याचदा एखाद्या पूर्वजाचा जीव असतो. आपल्या देव्हाऱ्यातले कुळाचे टाक एकट्या भावानं परस्पर विकले तर आपण तो व्यवहार मानू का?

मुसाफिर_दादर
खांबाची चोरी ती चोरीच, त्यावर वाद नाही. पण सगळंच चोरून नेलेलं नाही ना. फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियमसाठी वस्तू गोळा करणारा लुई शॉट्रिज स्वतः ट्लिंगिट होता, अलास्कातल्या क्लकवान गावचा. आपल्या लोकांची कला जगाला कळावी, टिकावी म्हणून तो पैसे देऊन घेत होता. त्या काळात मिशनरी जुनं सगळं टाकून द्या म्हणत होते, दलाल दारात उभे होते, आणि तिथल्या पावसात देवदाराचा खांब किती वर्षं उभा राहणार? शंभर वर्षांपूर्वीची विक्री आजच्या नियमानं रद्द करायची तर जगातलं एक म्युझियम उरणार नाही.

केतकी_म
शॉट्रिजचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. त्याच्याच काग्वानतान कुळाचं शार्कचं हेल्मेट त्यानं म्युझियमसाठी मिळवलं, आणि १९२९ ला स्वतःच लिहिलं की एका मनाला आनंद झाला पण काग्वानतान म्हणून वाढलेल्या मनाला विश्वासघात केल्यासारखं वाटतंय. घेणाऱ्यालाच असं वाटत होतं!

आणि विकणारा कुठल्या परिस्थितीत होता तेही बघा. ऑक्टोबर १८८२ मध्ये अमेरिकन नेव्हीनं अँगून या ट्लिंगिट गावावर तोफा डागल्या, घरं, होड्या, हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न, सगळं गेलं. बाहेर गेलेली एक होडी वाचली आणि गाव त्या होडीवर जगलं. पुढे ती होडी फुटली तेव्हा तिला माणसासारखा अग्नी दिला. तिच्या पुढच्या टोकावरचा कोरलेला बीव्हर प्राणी मात्र गावातनं नाहीसा झाला, तो १९९९ च्या सुमारास गावच्या म्हाताऱ्यांना न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सापडला. नेव्हीनं अँगूनची माफी मागितली ती २०२४ ला. इतक्या मोडलेल्या गावांकडनं घेतलेल्या वस्तूला मी राजीखुशीची विक्री म्हणणार नाही.

अण्णा_सांगली
परत दिल्यावर सुरक्षित राहतील याची खात्री कोण देणार? क्लकवानच्या व्हेल हाऊसचे, म्हणजे तिथल्या एका कुळाच्या घराचे, चार खांब आणि कोरीव पडदा १९८४ साली गावातनं बाहेर काढला तो बाहेरच्या चोरानं नाही, कुळातल्याच काही लोकांनी दलालाला दिला. मला हे वाचून फार वाईट वाटलं. पण म्हणूनच सांगतो, काचेमागे वस्तू निदान असते तरी.

रानवाट
अण्णा, बरोबर, पण पुढे काय झालं बघा. बाहेर न्यायचं नाही असा नियम गावानं १९७६ लाच केला होता. गाव कोर्टात गेलं, केस शेवटी त्यांच्या स्वतःच्या ट्रायबल (जमातीच्या) कोर्टात चालली आणि १९९३ ला निकाल लागला की वस्तू परत आणा. आल्या. मला तर यातनं हेच दिसतं की ‘एकट्याला विकायचा हक्क नाही’ हा कायदा त्यांच्याकडे जिवंत आहे, आणि नऊ वर्षं लागली तरी त्यांनी तो चालवून दाखवला.

ओवी
मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते म्हणून लिहिते. म्युझियमनी कीड लागू नये म्हणून पूर्वी लाकूड, लोकर, पिसांवर आर्सेनिक आणि पारा मारलाय. टोपी परत आली तरी डोक्यावर ठेवण्याआधी तपासून घ्यावी लागते. ज्यांच्या वस्तू त्यांनाच त्या अंगावर घालायची भीती, मग नुसतं ‘आम्ही जपलं’ म्हणून कसं चालेल अण्णा?

दुसरीकडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमनं किलर व्हेलची टोपी, जी १९०४ मध्ये घेतली होती, ती २००५ ला दाक्लावेदी कुळाला परत दिली. नंतर कुळाच्या संमतीनं थ्रीडी स्कॅन करून हुबेहूब दुसरी बनवली, म्युझियममध्ये ती आहे आणि मूळ टोपी समारंभात नाचते. बघणाऱ्या पोरांचं काही गेलं नाही.

मुसाफिर_दादर
ओवी, हे मला पटलं, संमतीनं केलेली प्रतिकृती चालेल. पण हुना या ट्लिंगिट गावच्या वस्तूंचं बघा. शॉट्रिजनं १९२४ मध्ये घराच्या प्रमुखाकडनं पैसे देऊन घेतल्या. पेन म्युझियमनं म्हटलं हक्क आमचा, कुळानं म्हटलं त्या प्रमुखाला विकायचा अधिकारच नव्हता. मूळ रहिवाशांच्या वस्तू परत देण्याच्या १९९० च्या अमेरिकन कायद्याखालच्या समितीनं २०१० ला कुळाच्या बाजूनं मत दिलं, पण ते मत बंधनकारक नव्हतं. पैसे मोजणाऱ्यानं प्रमुखाला नाही तर कुणाला विचारायचं होतं?

केतकी_म
कुळाला. शॉट्रिजला ते पक्कं माहीत होतं. व्हेल हाऊसचा प्रमुख त्याचा बाप होता, तिथल्या वस्तू मिळवायला तो गेलाही, पण ट्लिंगिट कुळ आईकडनं चालतं, त्यामुळे बापाच्या घरच्या वस्तूंवर त्याचा हक्क नव्हता आणि क्लकवानच्या लोकांनी त्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं.