मोहरी लावून मातीतलं शिसं निघेल का?

रानमोगरा
जुन्या बॅटऱ्या फोडायची १०० चौ.मी. जागा आहे. वरच्या २० सेंमीत एकूण शिसं ४२० मिग्रॅ/किलो, सामू (pH) ७.८. ते २०० वर आणायचंय. मोहरी लावू की सूर्यफूल? किती हंगाम लागतील?

कर्ब_नत्र
आधी हिशेब. १०० चौ.मी., २० सेंमी खोल, म्हणजे साधारण २६ टन माती. किलोमागे २२० मिग्रॅ काढायचं तर ५.७ किलो शिसं झालं. मोहरीचा सुका पाला सढळ हाताने १०० किलो धरा, त्यात शिसं १०० मिग्रॅ/किलो (हेही सढळच). हंगामाला निघालं १० ग्रॅम. म्हणजे ५७० हंगाम! सूर्यफुलानेही चित्र फारसं बदलत नाही. शिसं चिकणमातीला, सेंद्रिय पदार्थाला आणि स्फुरदाला (फॉस्फरस) घट्ट धरून बसतं. त्यात आम्ल सांडूनही सामू ७.८ आहे, म्हणजे चुनखडी भरपूर असणार. मुळांना विरघळलेलं शिसं मिळतच नाही, आणि मिळतं ते बहुतेक मुळांतच अडकतं.

रानमोगरा
ईडीटीए, म्हणजे मातीला चिकटलेलं शिसं सुटं करणारं रसायन, टाकलं तर?

खोडकिडा
नको. पानांत शिसं चढतं खरं, पण सुटं झालेलं बरंचसं शिसं झाडाला न मिळता पावसाबरोबर भूजलाकडे जातं. ईडीटीए मातीत लवकर कुजतही नाही.

त्यापेक्षा शिसं जागच्या जागी डांबा. वर १० सेंमी कंपोस्ट पसरून माती ओली असताना मिसळा, कोरडी खणलीत तर धूळ उडेल. मग वाळ्याच्या दाट ओळी लावा. वाळा शिसं मुळांत राखतो, पानांत फार कमी जाऊ देतो. ओळींमधली माती उघडी ठेवू नका, कारण खरा धोका धुळीचा. स्फुरद दिलंत तर शिशाचं पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारं खनिज बनतं.

कर्ब_नत्र
स्फुरदाआधी आर्सेनिक तपासा! बॅटरीच्या शिशात अँटिमनीबरोबर तेही मिसळलेलं असू शकतं. स्फुरदातलं फॉस्फेट आर्सेनेटला (आर्सेनिकचं मातीतलं रूप) मातीच्या कणांवरून हुसकावतं.

आर्सेनिक निघालं तर मात्र झाड कामाचं आहे. टेरिस व्हिटाटा नावाचा नेचा ते पानांत साठवतो (हे २००१ मध्ये नोंदवलं गेलं) आणि चुनखडीच्या मातीत छान वाढतो. कंद ठेवून पानं कापायची. ती जाळू नका, आर्सेनिक धुरातून उडतं. खतातही घालू नका. बंद पिशवीत भरून घातक कचऱ्यातच द्या.

आणि ४२० हा आकडा एकाच नमुन्याचा आहे का? अशा जागी शिशाचे कण विखुरलेले असतात, दोन पावलांवर आकडा दहापट बदलू शकतो. जागेचे चौकोन पाडा, प्रत्येकातून ८-१० ठिकाणची माती एकत्र करून वेगळा नमुना द्या.