इन्सुलिनोमाची शंका, आईची 72 तासांची उपाशी टेस्ट कुठे करावी? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आईसाठी (वय 52) सल्ला हवाय. आम्ही सोलापूरचे. आई घरीच नगावर टॉवेलच्या कडा शिवते.

दिवाळीनंतर ती पहाटे विचित्र वागायला लागली. एकदा उठून बघतो तर मशीन चालू, सुईत दोराच नाही, आणि ही तीच ती कड पुन्हा पुन्हा सुईखाली सरकवतेय. हाक मारली तर म्हणे, "कोण रे तू?" घामानं ब्लाऊज चिंब. गोड चहा पाजल्यावर थोड्या वेळात ताळ्यावर आली, पण मधलं काहीच आठवेना. निर्जळी एकादशी केली की दुसऱ्या दिवशी हे हमखास व्हायचं. शेजारच्या काकूंनी लिंबू उतरवलं. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या चालू केल्या, त्यानं नुसती झोप वाढली. खाल्लं की बरं वाटतं म्हणून ती सारखं काहीतरी तोंडात टाकते, त्यामुळे वजनही वाढलंय.

शेवटी दुसऱ्या फिजिशियननी झटका चालू असतानाच रक्त काढलं. साखर 38, इन्सुलिन 14, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा घटक) 2.4. साखर इतकी उतरल्यावर शरीर इन्सुलिन सोडणं बंद करतं, हिचं चालूच आहे, तेव्हा स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, असू शकते, असं ते म्हणाले. मग विचारलं, "घरात कुणी शुगरच्या गोळ्या घेतं का?" आजी ग्लिमेपिराइड घेते, आणि दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या! चुकून ती गोळी पोटात गेली तरी रिपोर्ट अगदी असाच येतो म्हणे. डबे वेगळे केले, तरी झटके थांबलेले नाहीत. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही.

आता अॅडमिट होऊन 72 तास उपाशी ठेवायची टेस्ट सांगितलीय. ती सोलापुरातच करावी की थेट पुण्या-मुंबईच्या एंडोक्राइनकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जावं? जायचं तर कसं, हाही प्रश्नच आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला रात्रभर प्रवास म्हणजे नेमकी धोक्याची वेळ, आणि पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची तर पहाटे उठणं आलंच. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन कुणाचं झालंय का? रात्री झोपताना काय द्यावं? सध्या शेंगापोळी देतो.

प्रतिसाद:
दादा, माझ्या मावशीला हेच होतं. आधी एक विचारून घ्या. आपोआप आलेल्या झटक्यातच रक्त काढलंय, तेव्हा त्याच नमुन्यात प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं आधीचं रूप), बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (उपाशीपणी वाढणारं कीटोन) आणि शुगरच्या गोळ्यांची तपासणी झाली असेल, तर उपाशी टेस्ट कदाचित लागणारही नाही. लागलीच तर दवाखान्यातच, घरी अजिबात प्रयोग नको. पूर्ण 72 तास क्वचितच लागतात, बहुतेकांची साखर 48 तासांच्या आतच उतरते.

सीटी साफ आला म्हणून गाठ नाही असं धरू नका. या गाठी बहुधा 2 सेंटीमीटरपेक्षा लहान असतात. मावशीची एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडातून नळी घालून आतून केलेल्या) सापडली. दहातल्या नऊ साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. ऑपरेशन होईपर्यंत तिला डायझॉक्साइड (इन्सुलिन सुटणं कमी करणारं औषध) होतं, त्यानं पायांवर सूज यायची. कॅल्शियमही तपासून घ्या, कारण काही घराण्यांत ही गाठ पॅराथायरॉइडच्या (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींच्या) दुखण्यासोबत येते.

शेंगापोळी झोपण्याआधी ठीक, पण झटका आल्यावर नको. शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर हळू चढते. तेव्हा ग्लुकोज पावडर पाण्यातून, आणि गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. फिजिशियनना उद्याच विचारतो. मावशींचं ऑपरेशन पुण्यात झालं की मुंबईत? आणि फिटच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्यात, त्यांचं तुमच्याकडे काय केलं होतं?

प्रतिसाद:
मुंबईत, केईएमला. फिटच्या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांनीच मावशीच्या हळूहळू कमी केल्या. बाकी व्यनि करते.