मदत हवी आहे: मरीन टँकमध्ये जांभळं कोरलाईन शेवाळ धरतच नाही

मीठपाणी

नमस्कार मंडळी. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी साधारण 200 लिटर. दगड सगळे कोरडे आणलेले, सुमारे 20 किलो. दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी, थोडे झोअँथस (प्रवाळाच्या जातकुळीतले बटणासारखे जीव). दिवाळीच्या सुमारास सुरू केली, तपकिरी थर येऊन गेला, आता मागच्या काचेवर हिरवं केसाळ शेवाळ आहे. कोरलाईनचा, म्हणजे दगडावर चुन्याचा कडक थर धरणाऱ्या शेवाळाचा, जांभळा किंवा गुलाबी ठिपका मात्र कुठेही नाही.

कालची मोजमापं:
कॅल्शियम 330 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग)
मॅग्नेशियम 1020 पीपीएम
अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) 7.2 डीकेएच
नायट्रेट 10, फॉस्फेट 0.25 पीपीएम
तापमान 26 ते 27 अंश
क्षारता 1.025 (विशिष्ट गुरुत्व), काट्याच्या हायड्रोमीटरवर

वरून भरायला आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) 0. रोज 3 लिटरच्या आसपास उडतं. दुकानदार "कोरलाईन वाढवायची" बाटली घ्या म्हणतात. घ्यावी का? की आधी कॅल्शियम क्लोराईड आणि मॅग्नेशियम टाकून आकडे वर आणू?

सागरतळ

बाटलीही नको आणि कॅल्शियमही नको. आधी क्षारता तपासा.

आकडे नीट बघा. 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम 415च्या आसपास असतं आणि मॅग्नेशियम 1285च्या. तुमचं कॅल्शियम त्याच्या 79 टक्के आहे, मॅग्नेशियमही 79 टक्केच. कोरलाईनने किंवा कोरलने खाल्लं असतं तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी घसरली असती, मॅग्नेशियम जवळजवळ जागेवर राहिलं असतं. दोन्ही एकाच प्रमाणात कमी म्हणजे मीठच कमी आहे. तुमचं पाणी 28 पीपीटीच्या, म्हणजे 1.021च्या आसपास असणार.

काट्याच्या हायड्रोमीटरला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्याहून जास्त दिसते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं यंत्र) मिळवा, पण तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावून थांबू नका. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर 35ला चुकू शकतो. घरचं प्रमाण द्रावण असं करा: 36.5 ग्रॅम साधं मीठ आणि 963.5 ग्रॅम आरओ पाणी, दोन्ही वजनकाट्यावर मोजून. मीठ पूर्ण विरघळलं की थेंब काचेवर टाका, मिनिटभर थांबा आणि स्क्रू फिरवून रेषा 35 पीपीटीवर आणा. हे द्रावण प्रकाश तेवढाच वळवतं जेवढा 35 पीपीटीचं समुद्राचं पाणी वळवतं. फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी हं, हायड्रोमीटरला हे चालत नाही.

आत्ताच कॅल्शियम-मॅग्नेशियम ओतलंत आणि नंतर क्षारता दुरुस्त केलीत, तर दोन्ही गरजेपेक्षा वर जातील आणि सगळा तोल बिघडेल.

मीठपाणी

ओळखीच्यांकडून रिफ्रॅक्टोमीटर आणला, तुम्ही सांगितलेल्या द्रावणावर लावला. टँकचं पाणी बरोबर 28 दाखवतंय! आता मीठ थेट टाकू का?

सागरतळ

थेट टाकू नका. गोगलगायींना आणि झोअँथसना क्षारतेचा झटका माशांपेक्षा जास्त बाधतो. रोज उडणाऱ्या 3 लिटरच्या जागी साधं पाणी न घालता 35 पीपीटीचं मिठाचं पाणी घाला. त्यातून रोज 105 ग्रॅम मीठ जातं, म्हणजे क्षारता दिवसाला साधारण अर्धा पीपीटी चढते. दोन आठवड्यांत 35 होईल. मग पुन्हा साध्या पाण्यावर या. हे विसरलात तर क्षारता चढतच राहील.

बरं मरीन मीठ वापरत असाल तर यातूनच कॅल्शियम 410च्या पुढे, मॅग्नेशियम 1270च्या आसपास आणि अल्कलिनिटी 9च्या जवळ पोचेल. पुन्हा मोजा, मगच काही टाकायचं ते ठरवा. कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1400, अल्कलिनिटी 8 ते 10 असली की कोरलाईनला पुरे. मॅग्नेशियम कमी पडलं की कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर आणि पंपाच्या आत पांढरं जमतं, ते शेवाळाच्या कामी येत नाही.

पुढे अल्कलिनिटी घसरली तर 200 लिटरला 6 ग्रॅम खायचा सोडा 1 डीकेएच वाढवतो. दिवसाला 1च्या वर नको. सोडा आणि कॅल्शियम एकाच वेळी एकाच जागी ओतू नका, पाणी दुधाळ होतं आणि दोन्ही वाया जातात.

चुन्याची निवळी

मला फॉस्फेटची जास्त काळजी वाटते. 0.25 ला कॅल्साइटचे स्फटिक नीट वाढत नाहीत, शिवाय केसाळ शेवाळ दगड आधी बळकावतं. कोरडे दगड महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडत राहतात, म्हणून आज उतरलेला आकडा आठवड्याने परत चढलेला दिसेल. दगड रिकामा होतोय असं समजा, घाबरू नका. फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे 50 ग्रॅमपासून सुरू करा, आधी आरओ पाण्यात धुऊन तांबडी भुकटी काढून टाका. लक्ष्य 0.03 ते 0.1. शून्यावर आणू नका, डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्म जीव) डोकं वर काढतात आणि ते केसाळ शेवाळापेक्षा वाईट.

चुन्याची निवळी (कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही वाढवणारं चुन्याचं पाणी) मला फार आवडते, पण तुमच्या टँकला आत्ता लागणार नाही. 3 लिटर पूर्ण निवळी म्हणजे दिवसाला सुमारे 1.7 डीकेएच, तेवढं खाणारं तुमच्याकडे काही नाही. जांभळं पसरू लागलं आणि अल्कलिनिटी स्वतःहून उतरू लागली की लिटरला 0.4 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडपासून सुरुवात करा, थेंबथेंब, रात्री. पीएच 8.5च्या वर जाऊ देऊ नका. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

मीठपाणी

पाणी दुरुस्त झालं की कोरलाईन आपोआप येईल ना?

चुन्याची निवळी

नाही. कोरड्या दगडात कोरलाईनचं बी नसतं. कुठून तरी आणावंच लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे जांभळ्या कवचाची टर्बो गोगलगाय, किंवा ज्यांची टँक जुनी आहे त्यांच्या पंपाचं झाकण. ते पाण्यातच बुडवून आणा, उघड्या हवेत राहिलं तर थर पांढरा पडून मरतो. कवच किंवा झाकण दगडांजवळ प्रवाहात ठेवा. जुन्या टँकच्या काचेवरचे खरवडलेले तुकडे मिळाले तर पंपासमोर सोडा. त्या वेळी स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टरची पिशवी चार-पाच तास बंद ठेवा, नाहीतर सगळं तिथेच अडकेल.

मालवण किंवा रत्नागिरीच्या कातळावर ओहोटीला गुलाबी थर दिसतो, तो उचलून आणायचा मोह टाळा. मालवणचा किनारा सागरी अभयारण्यात येतो. शिवाय जिवंत प्रवाळ 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कातळाच्या तुकड्यावर काय चिकटलंय हे सगळ्यांना ओळखता येत नाही.

सागरतळ

प्रकाशाबद्दल एक. पांढरा एलईडी जास्त वाढवू नका. कोरलाईन मंद आणि निळ्याकडे झुकलेल्या प्रकाशात चांगली पसरते, म्हणून पहिले ठिपके बहुधा पंपावर, ओव्हरफ्लोच्या (पाणी वाहून बाहेर जाण्याच्या) पेटीवर आणि दगडाच्या सावलीच्या बाजूला दिसतील. बी घातल्यावर महिना-दोन महिने काही दिसलं नाही तरी आकडे हलवू नका. काचेवर एक मिलिमीटरची पांढरी वळलेली शंखाकृती नळी दिसली तर ती कोरलाईन नाही, नळीत राहणारा निरुपद्रवी किडा आहे. कोरलाईनचा ठिपका सपाट असतो, कडा फिकट, आणि नखाने सुटत नाही.

सी-अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव) घेऊ नका. केसाळ शेवाळाबरोबर तो नव्या जांभळ्या थराचाही फडशा पाडतो.