‘द डिनर पार्टी’ : कलाकृती की थोरलं रुखवत?

कोयरी
ब्रुकलिन म्युझियममध्ये अमेरिकी स्त्रीवादी कलाकार जुडी शिकागोची ‘द डिनर पार्टी’ बघितली. एकेक बाजू ४८ फुटांची, असं त्रिकोणी टेबल. त्यावर इतिहास-पुराणातल्या बायकांसाठी ३९ पानं मांडलेली, त्यात कालीचंही एक. खाली फरशीवर आणखी ९९९ नावं, सोनेरी अक्षरांत. १९७४ ते १९७९ हे काम चाललं. मला भिडलं ते भरतकाम आणि चिनी मातीच्या बशांवरची रंगरंगोटी. बाईनं केलं की ज्याला ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणतात, तेच इथे खोली भरून मांडलंय. स्त्रीवादी कला म्हणजे नुसत्या घोषणा म्हणणाऱ्यांनी एकदा बघावंच.

तिरपागडे
बघितलंय, फोटोत. बहुतेक बशांवर योनीच्या आकाराची फुलं-फुलपाखरं आहेत. बाई म्हणजे तिचा अवयव, हाच तर जुना साचा ना? पुरुषानं केलं असतं तर तुम्हीच मोर्चा काढला असता.

कोयरी
मोर्चा दुसऱ्यांनीच काढला की! १९९० मध्ये ही कलाकृती वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठाला देणगी द्यायची ठरली, तर अमेरिकी खासदारांनी संसदेत तिला अश्लील ठरवलं. शेवटी जुडीनं देणगी मागे घेतली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी ‘गुरिल्ला गर्ल्स’ या स्त्रीवादी कलाकारांच्या गटानं पोस्टर काढून दाखवलं होतं : न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या आधुनिक विभागात स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांत ८५ टक्के बायकाच. भिंतीवर चालते, बशीत चालत नाही!

सांजवात
योनीवरून भांडताय, पण सोजर्नर ट्रुथचं पान कुणी बघितलं का? गुलामीत जन्मलेली, गुलामीविरुद्ध गावोगाव भाषणं देणारी बाई. अख्ख्या टेबलावर ती एकच कृष्णवर्णीय. आणि इतर जवळजवळ सगळ्यांना तो आकार दिला, हिच्या बशीत मात्र तीन चेहरे. कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकरनं यावर तेव्हाच बोट ठेवलं होतं. म्हणजे साचे मोडायला निघालेल्या बाईच्या डोक्यातही एक साचा होताच.

मामंजी
आमच्याकडे रुखवत नवरीच्या नावानं मांडतात, टाके घातलेले असतात मावशीनं आणि शेजारच्या काकूंनी. इथेही शेकडो जणी राबल्या, बहुतेक फुकट. नाव कुणाचं? जुडीबाईंचं. जुन्या उस्ताद चित्रकारांच्या कारखान्यात याहून वेगळं काय चालायचं?

कोयरी
सांजवात, पटलं. त्या बशीपुढे मी ‘ही वेगळी दिसते’ एवढंच म्हणून पुढे सरकले होते. मामंजी, तुमचं अर्धंच पटलं. सोबत काम करणाऱ्यांची नावं लिहिलेले फलक त्या कलाकृतीबरोबर केले होते. उस्तादांनी केले होते का असले फलक?

मामंजी
फलक म्हणजे लग्नपत्रिकेतली ‘आपले विनीत’ची यादी. ज्याचं नाव असतं तोच वाचतो.