लंबकाच्या घड्याळाचे टोले आणि काटे जुळत नाहीत

वाड्यातला_पोऱ्या: गावच्या घरातलं आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ इथे फ्लॅटवर आणलंय. लाकडी पेटी, रोमन आकडे, खाली लंबक, तबकडीवर चावीची दोन भोकं. चालतं व्यवस्थित पण चार वाजता सात टोले देतं, पाचला आठ. आई म्हणते आधी असं नव्हतं, आणताना कुणीतरी काटे गरागरा फिरवले असणार. शिवाय दर थोड्या वेळाने बंद पडतं. दुकानात दाखवलं तर ते म्हणाले मशीन काढून सेलचं बसवून देतो, ते मला नकोय. काय करू?

किल्लीवाला: सेलचं अजिबात बसवू नका!! ह्या जुन्या मशीनमध्ये टोल्यांचं चक्र वेगळं असतं, त्याला काटे कुठे आहेत ते कळत नाही, ते आपलं ओळीने एक, दोन, तीन असं बारापर्यंत मोजत जातं आणि परत एकपासून सुरू. एकदा मागेपुढे झालं की कायम तसंच. उपाय सोपा आहे, तास वाजेपर्यंत थांबा, टोले मोजा, सात पडले तर फक्त छोटा काटा अलगद सातवर आणा. तो बहुतेक मशीनमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, हाताने फिरतो, घट्ट वाटला तर जोर लावू नका. मग मोठा काटा पुढे फिरवत खरी वेळ लावा, पण प्रत्येक अर्ध्याला आणि तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या. घाई केलीत की पुन्हा तेच.

दोन भोकांपैकी बहुधा उजवीकडचं चालीचं आणि डावीकडचं टोल्यांचं. चावी देताना मध्येच हात सोडू नका, स्प्रिंग उलटी फिरली तर बोटाला चांगलाच फटका बसतो.

सदाशिव_पेठी: बंद पडतंय म्हणजे पेटी तिरकी टांगलीय. कान देऊन ऐका. टिक आणि टॉक मधलं अंतर सारखं पाहिजे, टिक-टॉक... टिक-टॉक असं लंगडत असेल तर पेटी खालून किंचित डावी-उजवीकडे सरकवा, आवाज सारखा झाला की तिथेच ठेवा. स्पिरिट लेव्हल वगैरे आणायची गरज नाही. आणि कृपा करून खोबरेल तेल घालू नका, आमच्याकडे लोक सर्रास घालतात, थंडीत ते २४ डिग्रीच्या आसपास गोठतं आणि मग घड्याळ हटूनच बसतं.

वाड्यातला_पोऱ्या: आईने आधीच घातलंय खोबरेल 😅

सदाशिव_पेठी: झालं! मग मशीन उघडून साफ करणारा जुना कारागीर शोधा, तोपर्यंत चालवू नका.

कोकणातली_माई: विषयाला सोडून आहे पण लिहितेच. आमच्याकडे लग्नात अजून घटिका मांडतात, पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस-रात्र. हल्ली मुहूर्त मोबाईलवरच बघतात, वाटी नुसती पूजेपुरती, पण पोरं वाटी बुडते कधी ते बघायला घोळका करून बसतात. पूर्वी वेळ झाली की जी काशाची थाळी ठोकायचे तिलाही तासच म्हणायचे.

किल्लीवाला: माई, छान. पोऱ्या, अजून एक, उन्हाळ्यात घड्याळ मागे पडलं तर घाबरू नका, लंबकाची दांडी लोखंडी असेल तर उष्णतेने वाढते आणि झोका मंदावतो. दहा डिग्रीला दिवसाला साधारण पाच सेकंद. लंबकाच्या खाली छोटा नट असतो, तो वर फिरवला की गोळा वर सरकतो आणि घड्याळ पळायला लागतं. एका वेळी अर्धाच आटा, मग दोन दिवस थांबून बघा.

वाड्यातला_पोऱ्या: छोटा काटा सातवर आणून बघितला, फिरला! आता टोले बरोबर पडतायत, बाकी साफसफाई झाल्यावरच चालू करतो. जुनी घड्याळं दुरुस्त करणारं ठाण्याच्या बाजूला कुणी आहे का?