ईलाय मॅनिंगला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला हवं की नको?

जर्सीकर
आधीच सांगतो, मी न्यू जर्सीतल्या एडिसनचा, न्यूयॉर्क जायंट्स टीमचा चाहता. अमेरिकन फुटबॉल बघायला शिकलो तेव्हा जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून पास टाकणारा खेळाडू, ईलायच होता. 2025 मध्ये त्याचं नाव पहिल्यांदा कँटनच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे खेळातल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, मतदानाला आलं आणि निवड झाली नाही. 80 टक्के मतं लागतात, त्या वर्षी चौघांनाच मिळाली. मला ते मनापासून लागलं.

दोन सुपरबोल जिंकले, दोन्हीत सामनावीर, आणि दोन्ही वेळा समोर टॉम ब्रेडीची न्यू इंग्लंड. फेब्रुवारी 2008 च्या फायनलमधली शेवटच्या क्षणांतली ती चाल आठवा. न्यू इंग्लंड तोवर 18 पैकी 18 सामने जिंकलेली, जायंट्स 14-10 ने मागे, सव्वा मिनिट उरलेलं, चारपैकी तिसरा प्रयत्न. दोघांनी ईलायची जर्सी मागून मुठीत धरली होती. तो आता पडलाच, असं वाटत असताना हिसका देऊन सुटला, मागे पळाला आणि चेंडू मैदानाच्या मध्यात भिरकावला. जायंट्सच्याच डेव्हिड टायरीने तो एका हाताने हेल्मेटवर दाबून धरला. 32 यार्ड! थोड्या वेळात ईलायच्या पासवर सहकारी बरेसचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण), 35 सेकंद शिल्लक. खेळाच्या इतिहासातून हा माणूस वगळून दाखवा.

आकडेबाज
जर्सीकर, चाल अप्रतिम होती, त्याबद्दल वाद नाही. पण हॉल ऑफ फेम चालीला देत नाहीत, कारकिर्दीला देतात. 16 वर्षांत साखळी सामन्यांत 117 विजय, 117 पराभव. टचडाउन देणारे 366 पास, पण 244 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास. तीन हंगामांत लीगमध्ये सगळ्यात जास्त इंटरसेप्शन याचीच. 2013 ला तर टचडाउन 18 आणि इंटरसेप्शन 27. वर्षाच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे ऑल-प्रोमध्ये, एकदाही नाव नाही.

प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचं, बघा. 2007 आणि 2011 या दोन हंगामांत 8 पैकी 8 सामने जिंकला. बाकी चार वेळा प्लेऑफला गेला आणि चारही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर.

आणि 2007 च्या हंगामाची फायनल, जी फेब्रुवारी 2008 मध्ये झाली, तिचं श्रेय डिफेन्सला आधी द्या. हंगामात 589 गुण करणाऱ्या टीमला 14 वर रोखलं, ब्रेडीला पाच वेळा आडवं केलं. आपल्याकडचं उदाहरण देतो. ॲडलेडला 2003 मध्ये आगरकरने 41 धावांत 6 घेतले आणि आपण कसोटी जिंकलो. तो दिवस मी विसरणार नाही. म्हणून आगरकरला महान कसोटी गोलंदाजांत बसवायचं का?

गोदाकाठ
आकडेबाज, आगरकरचं उदाहरण चपखल वाटतं खरं, पण तो एक दिवस होता. ईलायने पुन्हा करून दाखवलं, आणि 2011 ला डिफेन्सच्या जिवावर नाही. त्या हंगामात जायंट्सनी 394 गुण केले आणि 400 दिले. नऊ विजय, सात पराभव. अशी टीम एकट्या क्वार्टरबॅकने ओढत नेली.

त्याच हंगामाचा सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा उपांत्य सामना मी पूर्ण पाहिलाय. पाऊस, चिखल, सहा वेळा त्याला जमिनीवर आपटलं. प्रत्येक वेळी उठला, हेल्मेट सरळ केलं, पुढची चाल सांगायला गेला. 58 पास टाकले आणि एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नाही. 20-17, जादा वेळेत. इंटरसेप्शनवरून त्याला बोल लावणाऱ्यांनी हा सामना बघावाच.

आकडेबाज
2011 चं मान्य. तो हंगाम थोरच होता. पण मग जुन्या काळच्या क्वार्टरबॅक जिम प्लंकेटचं काय? त्यानेही दोन सुपरबोल जिंकले, एकात सामनावीर, आणि त्याचाही विजय-पराभवाचा हिशोब 72-72. तो आजवर आत नाही. त्याला दार बंद आणि ईलायला उघडं, तर कारण आडनाव आणि न्यूयॉर्क, एवढंच उरतं.

जर्सीकर
आडनावाचा मुद्दा मला पटत नाही. त्या आडनावाचं त्याला ओझंच झालं, मोठा भाऊ पेटन, तोही क्वार्टरबॅक, रोज तुलनेला. आणि प्लंकेटकडे नसलेली गोष्ट सांगतो: 2004 ते 2017 सलग 210 सामन्यांत सुरुवातीला ईलायच मैदानात. हा विक्रम थांबला तो दुखापतीने नाही. प्रशिक्षकांनी सुचवलं होतं की तू सुरुवात कर, मध्यंतरानंतर दुसऱ्याला उतरवू, म्हणजे विक्रम चालू राहील. त्याने नकार दिला. नुसत्या आकड्यासाठी खेळणं त्याला पटलं नाही. जो आकडा टिकवणं त्याच्या हातात होतं तो त्याने सोडून दिला, आणि आपण त्याला 117-117 ऐकवतोय.

न्यूअर्कची_मावशी
117-117 झालं त्या दिवशी मी स्टेडियममध्ये होते रे. 15 डिसेंबर 2019, मायामीविरुद्ध. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना त्याला बाहेर बोलावलं, म्हणजे लोकांना निरोप देता यावा. त्या वर्षी टीम नुसती हरत होती, तरी अख्खं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून छातीशी धरून उभे होते. इतकी वर्षं एका टीमसाठी रोज हजर राहणं याला तुमच्या तक्त्यात रकाना कुठे आहे?

आकडेबाज
मावशी, तुमचं वाचून गलबलून आलं, खरंच. पण तो मान जायंट्सनी दिलाय. 2021 मध्ये 10 नंबरची जर्सी निवृत्त केली, आणि ते योग्यच झालं. कँटन सगळ्या लीगचं आहे. तिथे विचारतात, तुझ्या काळातल्या पहिल्या तीन-चारांत तू होतास का? ब्रेडी, पेटन, ब्रीज, रॉजर्स हे त्या काळचे क्वार्टरबॅक. ईलाय या यादीत कोणत्याही वर्षी नव्हता. माझं मत नाहीच.

जर्सीकर
त्या यादीतल्या ब्रेडीला सुपरबोलमध्ये दोनदा कोणी हरवलं, तेही यादी करताना लिहा. माझं मत होच.