खुराड्यात खाली काय टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी २५ गावरानी कोंबड्या. जमीन काळी, पावसाळ्यात खुराड्यात नुसता चिखल. मागच्या श्रावणात ओलीनं रक्ती हगवण लागली अन् ७ पिल्लं गेली. फार जीवाला लागलं.

आता आत सिमेंटचा कोबा करून वर २-३ इंच धानाचं तूस टाकावं म्हणतो. कोबा असला की मुंगूस खालून उकरून येत नाही. पण तूस पार भंडाऱ्याकडून आणावं लागेल. घरचं सोयाबीनचं कुटार चालेल का? ओलं झालं की बुरशी धरते, तीच भीती आहे.

बाहेरच्या मोकळ्या जागेत मुरूम बरा की वाळू? कोंबड्यांना धुळीत लोळायला लागतं, म्हणून तिथं फरशी नकोच. कुटार वापरणाऱ्यांनी किती दिवसांनी बदलता तेही सांगा.